अँप तुझ्या पायाशी, गिटार पहिल्या टेबलाच्या कानात

वाचकाचं पत्र:

ताई, आम्ही पुण्यात एका कॅफेत दर शनिवारी संध्याकाळी वाजवतो. जागा लहान आहे, पन्नास माणसं जेमतेम बसतात. फरशी, दोन बाजूंना काच, वर काँक्रीटचा स्लॅब. बँडमध्ये गायिका, बेस, ड्रम्स आणि मी. माझा ४० वॅटचा ट्यूब कॉम्बो आहे, म्हणजे ट्यूबवर चालणारा अँप आणि एक १२ इंची स्पीकर एकाच पेटीत. दुसऱ्या गाण्यापर्यंत मालक लांबून हाताने ‘कमी कर’ अशी खूण करतात. गायिका म्हणते तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. पुढच्या टेबलावरची माणसं उठून मागे जाऊन बसतात. सगळे म्हणतात गिटार फार मोठी आहे, आणि मला तर ती धड ऐकूच येत नाही! व्हॉल्यूम दोनच्या खाली नेला की टोन मरतो. दोनच्या वर जरा सरकवला की एकदम फुटतो. वीसेक हजार रुपये साठवलेत. छोटा अँप घेऊ, आवाज उतरवणारा अटेन्युएटर घेऊ, की सगळं विकून अँपची डिजिटल नक्कल करणारा मॉडेलर घेऊ?
– एक गिटारवादक, पुणे

प्रिय मित्रा,

आधी ते वीस हजार बँकेतच राहू दे. पुढचे दोन शनिवार एक पैसाही खर्च न करता बरंच काही करून बघता येईल. तेवढ्यानेही भागलं नाही, तर काय घ्यायचं ते खाली लिहिलं आहे.

‘सगळे म्हणतात मोठी आहे, मला तर ऐकूच येत नाही’ हे तुझं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. लाइव्ह साउंडचं काम करताना गिटारवादकांकडून हे मी सतत ऐकते, आणि अशा वेळी दोन्ही बाजू खरं बोलत असतात. तुला कमी ऐकू येतंय हे खरं. पहिल्या टेबलावरच्या माणसाच्या कानठळ्या बसतायत हेही खरं. तुमच्या दोघांच्या कानांपर्यंत एकाच स्पीकरचा वेगवेगळा आवाज पोचतोय.

१२ इंची स्पीकर म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर व्यास. आवाजाची तरंगलांबी या व्यासाहून बरीच मोठी असते तोवर तो चहूकडे पसरतो. ती ३० सेंटीमीटरच्या आसपास आली, म्हणजे अकराशे हर्ट्झच्या वर गेलं, की आवाज निमुळता होत होत सरळ पुढे जायला लागतो. जितका वरचा स्वर, तितका झोत अरुंद. गिटारची धार, पिकचा टणत्कार, डिस्टॉर्शनची करकर हे सगळं दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतं, आणि माणसाचा कान नेमका त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो.

आता तुझा अँप कुठे आहे ते बघ. जमिनीवर, तुझ्या पोटऱ्यांच्या मागे. स्पीकरचा मध्य जमिनीपासून फूटभर उंचीवर. तू त्याच्यापासून एक मीटरवर उभा असशील तर तुझे कान त्या झोताच्या रेषेपासून पन्नासेक अंश वर आहेत. चार मीटरवर खुर्चीत बसलेल्या माणसाचे कान जेमतेम तेरा-चौदा अंशांवर येतात. म्हणजे तो जवळजवळ झोतात बसलाय आणि तू झोताच्या पूर्ण बाहेर. तुझ्यापर्यंत पोचतो तो फक्त खालचा, गोलसर, बोदा आवाज. तुला वाटतं टोन मंद आहे, म्हणून तू ट्रेबल वाढवतोस, प्रेझेन्स वाढवतोस, मग व्हॉल्यूम वाढवतोस. आणि तू वाढवलेला प्रत्येक ट्रेबल त्या बिचाऱ्या माणसाच्या कानात जातो. तो उठून मागे बसला, यात त्याचं काही चुकलं नाही.

म्हणून पहिलं काम: अँप उचल. खुर्चीवर ठेव, पालथ्या क्रेटवर ठेव, आणि मागे कलता करून स्पीकरचं तोंड तुझ्या कानाकडे कर. अँप स्टँड मिळतात, ते मुख्यतः यासाठीच. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बसारख्या मोठ्या कॉम्बोंना दोन्ही अंगांना दुमडणारे पाय असतात, तेही अँप मागे कलवायलाच. तुझ्या अँपला ते नसतील तर पुढच्या कडेखाली लाकडाचा ठोकळा दे. फक्त अँप पक्का बसलाय ना ते हलवून बघ. ट्यूब कॉम्बो जड असतो. तो घसरला तर व्हॉल्यूमचा प्रश्न बाजूलाच राहील.

असा ठेवलास की त्याच जागी उभा राहून टोन नव्याने बसव. ट्रेबल आपोआप कमी होईल, कारण आता ती तुला ऐकू येते. माझा अनुभव असा की या एका बदलाने वादक स्वतःहून व्हॉल्यूम खाली आणतो, कुणी सांगावं लागत नाही. जमिनीवरून उचलल्याने आणखी एक फायदा होतो: फरशीला टेकलेल्या अँपचा खालचा बेस जो फुगतो, तो बराच उतरतो. भिंतींच्या कोपऱ्यात ठेवत असशील तर तो आधी कोपऱ्यातून बाहेर काढ. कोपरा बेस सगळ्यात जास्त फुगवतो, आणि तो गदगदा आवाज बेस गिटारच्या अंगावर बसून दोघांनाही गढूळ करतो.

दुसरा बदल दिशेचा. अँपचं तोंड श्रोत्यांकडे असलंच पाहिजे असा कुठेही नियम नाही. मोठ्या मंचावर, पीए (श्रोत्यांसाठी लावलेले मोठे स्पीकर) नसताना, ते गरजेचं असेल. तुमच्या कॅफेत नाही. अँप स्टेजच्या एका टोकाला ठेव, तोंड आडवं, स्टेजच्या आतल्या बाजूला, वर कलतं, आणि तू त्या झोतात उभा राहा. ड्रमरलाही तुझी गिटार नीट ऐकू येईल. श्रोत्यांना झोताऐवजी पसरलेला आवाज मिळेल, जो सगळ्या टेबलांना बराचसा सारखा असतो. मागच्या टेबलांना गिटार कमी पडत असेल तर अँपसमोर एक माइक लाव – शुअरचा एसएम५७ या कामासाठी १९६५ पासून मुरलेला आहे – आणि पीएमधून अगदी थोडी दे. पीएचे स्पीकर उंच स्टँडवर असतात, ते गिटार सगळीकडे वाटून देतात. तुझा अँप ते करू शकत नाही.

आता तुझ्या गायिकेचं बघू. तिची तक्रार तू पत्रात एका ओळीत आटोपली आहेस. माझ्या मते ती सगळ्यात गंभीर आहे.

तिच्या हातातला माइक बहुधा कार्डिऑइड असणार. असा माइक समोरचं जास्तीत जास्त उचलतो आणि पाठीमागचं कमीत कमी. पण माइकच्या समोर काय असतं? तिचा चेहरा, आणि तिच्या चेहऱ्यामागे जे काही आहे ते सगळं. तू अँप तिच्या मागे ठेवला असशील तर तो माइक थेट तुझ्या स्पीकरकडे बघतोय. ती गात नाही तेव्हा तो तुझी गिटार उचलून पीएमध्ये पाठवतो. ती गाते तेव्हा तिचा शब्द आणि तुझी गिटार दोन्ही मिक्सरच्या एकाच फेडरवरून (आवाजाच्या सरकत्या बटणावरून) वर जातात. मग साउंडवाला तिचा फेडर वाढवतो, त्याबरोबर तुझी गिटारही वाढते. तो आणखी वाढवतो आणि शिट्टी येते. शिट्टीच्या भीतीने तो फेडर खाली आणतो आणि तिला ओरडून गावं लागतं. तासभर असं ओरडून गायल्यावर तिच्या गळ्याचं काय होत असेल याचा विचार कर. गिटारची तार तुटली तर तू दुसरी लावशील, तिला गळा बदलता येत नाही.

तेव्हा अँप तिच्या मागून काढ. बाजूला, तिच्यापासून शक्य तितका दूर, आणि तिच्या माइकच्या तोंडाकडे नको. तिचा मॉनिटर (तिचा आवाज तिलाच ऐकवणारा स्पीकर) माइकच्या बरोबर पाठीमागे, म्हणजे तिच्या अगदी समोर जमिनीवर असू दे. (माइक सुपरकार्डिऑइड असेल तर मॉनिटर थोडा बाजूला सरकवावा लागतो, कारण त्या माइकला सर्वात कमी ऐकू येणाऱ्या जागा पाठीमागच्या दोन तिरक्या कोनांत असतात. माइकच्या पुस्तिकेत आकृती असते, ती बघून घे.) आणि गायिकेने माइकची जाळी तळव्याने झाकू नये. झाकली की माइकची दिशाच बिघडते आणि शिट्टी लवकर येते.

साउंडचेक कसं करता ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. आधी ड्रम्स, मग बेस, मग गिटार, शेवटी गायन. मोठ्या हॉलमध्ये हा क्रम चालतो, कारण तिथला पीए कुणालाही सगळ्यांच्या वर नेऊ शकतो. लहान जागेत उलटं करायचं. आधी एकटी गायिका, मॉनिटर चालू, पीए चालू. शिट्टी न येता तिचा आवाज किती वर जातो ते बघायचं आणि तिथून थोडा खाली आणून थांबायचं. ती झाली तुमच्या खोलीची कमाल मर्यादा. आता बाकीच्यांनी त्याच्याखाली बसायचं. बैठकीत तबलजी गायकाच्या अंगाने ठेका धरतो, षड्ज लागला की हात हलका करतो, आणि त्याला कुणी ‘व्हॉल्यूम कमी कर’ म्हणत नाही. साथ म्हणजे काय हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं. गळ्यात इलेक्ट्रिक गिटार आली म्हणून ते विसरायचं कारण नाही.

तू म्हणशील, ड्रमरचं काय? बरोबर आहे. अँपला नॉब असतो, स्नेअरला (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमला) नसतो. जोरात मारलेला स्नेअर त्या काचेच्या खोलीत ड्रमरजवळ शंभर डेसिबलच्या वर सहज जातो, आणि तुम्ही बाकीचे त्याच्या मागे धावता. खरं सांगायचं तर अशा बँडमध्ये गिटारवादकाला दोष देतात, पण शर्यत सुरू होते ती स्नेअरपासून. ड्रमरशी बोल, पण वाजवून झाल्यावर सगळ्यांसमोर नको, रिहर्सलच्या आधी चहावर बोल. काड्यांऐवजी बांबूच्या बारीक कांड्या बांधलेले रॉड्स मिळतात, त्यांनी आवाज बराच उतरतो आणि ठोका तरी टिकतो. संथ गाण्यांना ब्रश. काही गाण्यांना पूर्ण ड्रमसेटऐवजी कहोन, म्हणजे हाताने वाजवायची लाकडी पेटी. हळू वाजवूनही ग्रूव्ह घट्ट ठेवणं हे कौशल्य आहे, आणि ड्रमरला ते आव्हान म्हणून दिलंत तर तो मनापासून स्वीकारेल. तुमच्या जॅमरूममध्ये एक आख्खी रिहर्सल अशी करा की गायिका माइकशिवाय गातेय आणि तरी सगळ्यांना तिचे शब्द कळतायत. पहिला अर्धा तास फार अवघड जातो. मग हात आपोआप हलके होतात.

टोन मरतो, या तुझ्या तक्रारीबद्दल आता. यात दोन-तीन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या करू.

एक कानाची. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये मोजून दाखवलं की आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खालचे स्वर, आणि काही प्रमाणात अगदी वरचेही, कमी ऐकू येतात. म्हणून तोच टोन हळू वाजवला की पातळ वाटतो. घरी रात्री हळू वाजवताना तू बेस आणि ट्रेबल दोन्ही चढवून ठेवत असशील, मिड्स (मधले स्वर) उतरवून. घरी ते छान वाटतं. कॅफेत आवाज वाढला की तोच बेस घुमतो, तीच ट्रेबल टोचते, आणि मिड्स नसल्यामुळे गिटार बँडमध्ये बुडते. मग ती वर काढायला तू व्हॉल्यूम वाढवतोस. यावर एकच उपाय: टोन एकट्याने बसवू नकोस, बँड वाजत असताना बसव. बेसचा नॉब मधल्या खुणेच्या, म्हणजे घड्याळातल्या बाराच्या, खाली आण. गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ८२ हर्ट्झला आहे, तिथला प्रदेश बेस गिटारचा आणि किक ड्रमचा आहे, तो त्यांना सोड. मिड्स वाढव. एकट्याने ऐकताना हा टोन तुला थोडा नाकातला वाटेल. बँडमध्ये तो नेमका बसतो आणि कमी व्हॉल्यूमवर स्पष्ट ऐकू येतो.

दुसरी गेनची, म्हणजे आवाज किती फुटून करकरावा हे ठरवणाऱ्या नॉबची. गेन जितका जास्त तितका आवाज दाबला जातो, टोक बोथट होतं. भरपूर गेनची गिटार आवाजाने मोठी असूनही समजत नाही. तू आता लावतोस त्याच्या दोन-तृतीयांश गेनवर वाजवून बघ. ओव्हरड्राइव्हचा पेडल असेल, विशेषतः ट्यूब स्क्रीमरच्या जातीचा, तर तो मिड्स पुढे आणतो आणि बेस कापतो. लहान जागेला तो फार उपयोगी. रिव्हर्ब मात्र जवळजवळ बंद ठेव. त्या काचा आणि फरशी तुला हवा त्याहून जास्त रिव्हर्ब फुकट देतायत.

तिसरी खरोखर अँपची. ट्यूब अँपच्या शेवटच्या ट्यूब्ज आणि स्पीकर जोर लावल्यावर जे देतात, ते हळू वाजवताना मिळत नाही. हे खरं आहे आणि ते सोडताना वाईट वाटतं, मला कळतं. पण पन्नास माणसांच्या कॅफेत ४० वॅटच्या पॉवर ट्यूब्ज तापवायला जागाच नाही. तुझा बहुतेक डिस्टॉर्शन तसाही प्रीअँपमधून (अँपच्या सुरुवातीच्या भागातून) किंवा पेडलमधून येत असणार, आणि तो हळूवरही येतो.

नॉब दोनवर ‘फुटतो’ याचं कारण असं की नॉबवरचे आकडे टक्के नसतात. बऱ्याच अँपांमध्ये पहिल्या तीन-चार आकड्यांतच बहुतेक सगळा आवाज येऊन जातो, पुढे नुसता चुरा वाढतो. तुझ्या अँपला मागे इफेक्ट्स लूप (प्रीअँपच्या पुढे पेडल जोडायची सोय) असेल तर एक साधी युक्ती कर: त्या लूपमध्ये व्हॉल्यूम पेडल किंवा ईक्यू पेडल लाव आणि त्याची पातळी बरीच खाली ठेव. आता अँपचा मास्टर व्हॉल्यूम चार-पाचवर फिरवता येईल आणि हव्या त्या जागी थांबता येईल. दोन आणि अडीचमधली ती केसभर जागा शोधत बसावं लागणार नाही. सोलोसाठीही हेच वापर. सोलोला पातळी थोडी वर, ठेक्याला परत खाली. पूर्ण कार्यक्रम सोलोच्या आवाजात वाजवणारे बरेच जण असतात, त्यांना फक्त हा एक पेडल हवा असतो.

आता खरेदी. छोटा अँप घेण्यामागे तुझा हिशेब असा असेल की ४० वॅटऐवजी २० घेतला की आवाज निम्मा होईल. होत नाही. वॅट निम्मे केले की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, म्हणजे फरक जाणवतो इतकंच. कानाला निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे वॅट दहापट कमी हवेत: ४० चे ४. आणि ४ वॅटही कमी नव्हेत. गिटारचे १२ इंची स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबल देतात. एका वॅटला! तेव्हा १५ वॅटचा ट्यूब अँप घेऊन तुझा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. तो हलका असेल, रिक्षात मावेल, लवकर तापून गोड वाजेल, ही सगळी खरी कारणं आहेत. पण पहिल्या टेबलावरच्या माणसाला त्याने फारसा आराम मिळणार नाही. ५ वॅटचा घेतलास तर मिळेल, पण मग स्वच्छ, न फुटणारा टोन ड्रम्सबरोबर पुरणार नाही.

अटेन्युएटर अँप आणि स्पीकरच्या मधे बसतो आणि बरीचशी वीज उष्णतेत घालवतो. थोडा आवाज उतरवायला चांगला. फार उतरवलास, तर टोनवर पांघरूण पडल्यासारखं होतं आणि मग ‘टोन मेला’ ही तक्रार परत येते. घेतलासच तर त्याचे ओम अँपच्या आउटपुटशी जुळले पाहिजेत, वॅटची क्षमता अँपहून चांगली जास्त असली पाहिजे, आणि मधली केबल स्पीकर केबल हवी, गिटारची नव्हे. दोन्हींना टोकाला सारखाच जॅक असतो म्हणून घोळ होतो. एक गोष्ट ठळक लक्षात ठेव: ट्यूब अँप स्पीकर किंवा योग्य लोड न जोडता कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आवाज नको म्हणून स्पीकरची वायर काढून ठेवणारे मी पाहिले आहेत, म्हणून लिहितेय.

मॉडेलर हा तिघांत सगळ्यात प्रामाणिक उपाय आहे, जर पीए आणि मॉनिटर चांगले असतील. जमिनीवरचा डबा थेट मिक्सरमध्ये, स्टेजवर अँप नाही, गायिकेच्या माइकमध्ये गिटार शिरत नाही, टोन कुठल्याही व्हॉल्यूमवर तोच. वीस हजारांत या जातीचं सुरुवातीचं मल्टी-इफेक्ट येतं आणि ते आता खरंच चांगलं वाजतं. अडचण कॅफेच्या बाजूने येते. तिथे दोनच स्पीकर असतील, मॉनिटर एकच असेल आणि तोही गायिकेपुढे, तर तुला स्वतःची गिटार ऐकायला काहीच उरत नाही, आणि बोटांखाली हवा हलल्याशिवाय वाजवणं फार जणांना जड जातं. म्हणून आधी कॅफेचा मिक्सर नीट बघून ये: किती चॅनल, मॉनिटरचा वेगळा ऑक्स (मॉनिटरला वेगळा आवाज पाठवायची वाट) आहे का, इअरफोनवर ऐकायची सोय होते का. हे सगळं असेल तर मॉडेलर घे. नसेल तर कमी वॅटचा स्विच असलेला सॉलिड स्टेट (ट्यूब नसलेला) कॉम्बो जास्त कामाचा. बॉसच्या कटाना ५० ला अर्ध्या वॅटची सोय आहे, मास्टर वर ठेवूनही तो खोलीत मावतो. पण तुझा ट्यूब अँप विकू नकोस. मोकळ्या मैदानावर, कॉलेजच्या फेस्टला, तोच लागेल.

कॅफेच्या मालकांवर रागावू नकोस. त्यांच्या डोक्यावर नियम आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. त्यात रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागासाठी ६५ आणि ५५ अशा परिसराच्या मर्यादा आहेत, आणि रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्रीचा धरतात. गणपतीत काही दिवस बारापर्यंत सूट मिळते, ती वर्षातल्या अशा मोजक्या सवलतीच्या दिवसांतून येते. तुमच्या शनिवारांना ती लागू नाही. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीच्या शंभर मीटरमध्ये शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. मुंबईत धोबीतलावजवळचं रंगभवन याच कारणाने रॉकच्या कार्यक्रमांना बंद झालं, आणि तिथे उघड्यावर इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव ऐकलेली पिढी अजून हळहळते. वाजवण्याच्या जागा आपल्याकडे अशा जातात. तक्रार वरच्या मजल्यावरून येते, पोलिसांचा फोन मालकांना येतो, आणि पुढच्या महिन्यापासून तिथे फक्त स्पीकरवर प्लेलिस्ट लागते. तुमच्यासाठीच नाही, तुमच्यानंतर येणाऱ्या सगळ्या बँडसाठी.

म्हणून शनिवारी अर्धा तास लवकर जा आणि मालकांनाच साउंडचेकला बोलव. त्यांना त्यांच्या आवडत्या टेबलावर बसव आणि विचार, इथे बसून दोन माणसांना बोलता येतंय का. फोनवर आवाज मोजायचं ॲप असेल तर त्या टेबलावर बघ. जेवणाऱ्या लोकांच्या कॅफेत मी साधारण ८५ च्या आसपास थांबते, शेवटच्या दोन जोरकस गाण्यांना थोडं वर. रिकाम्या खोलीत मोजलेला आकडा माणसं भरल्यावर बदलतो, कारण कपडे आणि अंगं वरचे स्वर शोषतात. तेव्हा साउंडचेकला गिटार किंचित तीक्ष्ण वाटली तरी लगेच कापू नकोस, पहिल्या गाण्यानंतर ठरव. दाराबाहेर, शेजारच्या इमारतीच्या बाजूला जाऊनही एकदा ऐक. भिंतीतून बाहेर जातो तो बेस. तिथे गदगद ऐकू आली तर बेस अँपही जमिनीवरून उचला.

तुझ्या कानांचं एकच सांगते. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला पंधरा मिनिटं. द हू या रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड कित्येक वर्षं कानातल्या गुणगुणीबद्दल उघडपणे बोलत आला आहे. तुम्ही आठवड्यातून एकदा कॅफेत आणि दोनदा जॅमरूममध्ये असता. कार्यक्रमानंतर कानाला दडे बसत असतील, उशीवर डोकं ठेवल्यावर सूं ऐकू येत असेल, तर तो इशारा आहे. वीस हजारांतली पहिली खरेदी संगीतकारांसाठीचे इअरप्लग असू दे, चौघांसाठी चार जोड्या. फोमच्या बोंडांसारखे ते वरचे स्वर गिळत नाहीत, सगळंच सारखं खाली आणतात. दुसरी खरेदी अँपचा स्टँड. तिसरी ड्रमरचे रॉड्स. एवढं करून बरेच पैसे उरतील, ते राहू दे.

या शनिवारी अँप बाजूला, उंचावर आणि तुझ्या कानाकडे, मग गायिकेपासून सुरू होणारं साउंडचेक, एवढंच कर. पेडल आणि लूपचं पुढच्या शनिवारी. हे करूनही तिला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही तर मला परत लिही. कॅफेत पीएचे स्पीकर कुठे लावलेत, मॉनिटर कुठला आहे आणि ती माइक कसा धरते, याचा एक फोटो पाठव. पीएचे स्पीकर तिच्या पाठीमागे असतील तर तो वेगळा प्रश्न आहे, आणि त्यात तुझ्या गिटारचा काही दोष नसेल.

तुझी ताई